हौदावरची रेघ

इथे समुद्रकाठी आखाजीला झोके बांधत नाहीत. अक्षय्य तृतीया म्हणतात, आंब्याची पेटी फोडतात, सोनाराच्या दुकानात जरा गर्दी होते आणि झालं. मी इतकी वर्षं या गावात राहते, तरी वैशाख लागला की माझी नजर आपोआप झाडांच्या फांद्यांकडे जाते. ही फांदी झोका पेलेल का, इथे दोर सरकेल का, असले विचार सुरू होतात. शेजारच्या काकू विचारतात, "काय हो, वर काय शोधताय?" मी म्हणते, "झोक्याला जागा बघतेय." त्या हसतात. पन्नाशी उलटलेल्या बाईने झोक्याला जागा बघू नये असं त्यांना वाटत असावं. त्यांना वाटू दे.

या वर्षीही तसंच झालं. सकाळी कामावर जाताना रस्त्याकडेच्या वडाच्या पारंब्या दिसल्या आणि मी थांबले. समोर समुद्र होता, वैशाखातला, आळसावलेला. लाटा किनाऱ्याशी येऊन नुसत्या आडव्या होत होत्या. आणि मला दिसत होता पारोळ्याच्या पुढे आमच्या मळ्यातला सिमेंटचा हौद, त्याच्या कडेला वाळत घातलेली फडकी आणि हौदाच्या आतल्या गिलाव्यावर विळ्याच्या टोकाने ओढलेली एक रेघ. ती रेघ आबांनी ओढली होती. आबा म्हणजे माझे वडील. माझ्यावर पाळत ठेवायला ओढली होती, हे आधीच सांगून टाकते.

वैशाखात खानदेशात ऊन पडत नाही, ते राहायलाच येतं. सकाळी दहाला कुत्री सावलीत शिरतात. दुपारी एस.टी.च्या खिडकीची दांडी हाताला चटका देते. अंगणात बिबड्या आणि कुरडया वाळत पडलेल्या असतात आणि त्यांच्यावरून उडी मारून जायचं असतं. घरात माठाला ओलं फडकं गुंडाळलेलं. कोपऱ्यात चिरून ठेवलेलं डांगर. कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचा चुलीतून येणारा वास. या सगळ्यात परीक्षाही असायच्या. आमची पिढी घामाने ओल्या झालेल्या उत्तरपत्रिकांवर शाई पसरू नये म्हणून मनगटाखाली रुमाल ठेवून पास झालेली आहे. त्या वर्षी मी जळगावला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. नव्वदच्या आसपासची गोष्ट.

शेवटच्या वर्षाला प्रकल्प करायचा असतो. धरणगावच्या माझ्या मैत्रिणीने सरकी वेगळी करण्याचं यंत्र घेतलं. मुलांनी शेतीपंप वाटून घेतले. मी मात्र होस्टेलच्या वाचनालयात एका मासिकात वाचलं होतं की समुद्राच्या लाटांपासून वीज करता येते, आणि माझं डोकं तिथेच अडकलं. आमच्याकडे तेव्हा वीज पाहुण्यासारखी यायची. कधी येणार ते तिलाच माहीत, आणि आली की सगळं घर तिच्या मागे धावायचं. कोळसा जाळून ती आणायची, तोही लांबून. आणि तिकडे समुद्र रात्रंदिवस हलतोय, फुकट, कुणी न सांगता. मला तो उधळेपणा सहन होईना. मी समुद्र पाहिलेला नव्हता, हे त्या वेळी मला अजिबात महत्त्वाचं वाटलं नाही.

भामरे सरांना मात्र वाटलं. भामरे सर आमचे मार्गदर्शक. उंच, वाळके, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. वर्गात कुणी चूक केली की ते रागवायचे नाहीत, चष्मा काढून पुसायचे. माझा विषय ऐकून त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला.

"तापीला लाटा येतात का ग?" ते म्हणाले.

"नाही सर."

"मेहरूणच्या तलावात?"

"वारा असला तर थोड्या."

"म्हणजे जे इथे नाही ते तू मोजणार. आणि मी त्यावर सही करणार." त्यांनी चष्मा लावला. "एक कर. कुठेही लाट तयार कर. ती लाट किती ताकदीची आहे आणि त्यातली किती हाती लागते, ते मला डोळ्यांनी दाखव. नुसती पुस्तकातली गणितं नकोत. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी मी धुळ्याला जाणार आहे, वाटेत तुमच्या गावाला उतरतो. दिसलं तर सही. नाही दिसलं तर पुढच्या वर्षी शेतीपंप."

पुढच्या वर्षी शेतीपंप. हे शब्द माझ्या कानात कितीतरी दिवस पंपासारखे चालू होते. शेतीपंपाला मी कमी लेखत नाही, आमचं घर त्यावर जगलं. पण माझं वर्ष त्यात बुडणार होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे लाटा माझ्या हातून कायमच्या जाणार होत्या. एकदा शेतीपंप घेतला की मला कोण पुन्हा समुद्राबद्दल विचारू देणार होतं? मी एस.टी.त बसले आणि गाव येईपर्यंत ठरवून टाकलं की लाट आमच्या हौदात करायची.

आमचा हौद मोठा होता. विहिरीचं पाणी त्यात चढवायचं आणि मग पाटाने शेताला द्यायचं. पण वैशाखातला हौद म्हणजे थट्टा नव्हती. आखाजी झाली की आमच्याकडे विहिरीच्या पाण्यावर कापूस लावायला घेतात. त्यासाठी आबांनी विहीर खरवडून, वीज येईल तेव्हा धावत जाऊन, थोडं थोडं पाणी हौदात साठवलेलं होतं. त्या पाण्यात आम्हाला पाय बुडवायलाही परवानगी नव्हती. आणि मी त्यात लाटा करायच्या म्हणत होते.

आबा खाटेवर बसून सुपारी कातरत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"समुद्र आठे कोठे उना वं?" ते म्हणाले. "आठून तापीमाय बी लांब शे."

"आबा, फक्त हलवसू. एक थेंब बी खर्चसू नही."

"हलवं का पानी सांडस."

"नही सांडाव."

आबांनी सुपारी तोंडात टाकली. माझ्याकडे पाहिलं. माझा हट्ट कुणावर गेला आहे, ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. मग उठून हौदाकडे गेले, विळा घेतला, आणि पाणी जिथे टेकलं होतं तिथे आतल्या बाजूला एक आडवी रेघ ओढली. गिलावा कुरकुरला. "पानी बठ्ठं कपाशीनं शे," ते म्हणाले. "तुनं नही, मनं बी नही. हाई रेघ सोडीसन पानी खाले गयं, तं तुना खेळ बंद."

मी बरं म्हणाले. पाणी सगळं कपाशीचं, ते रेघेच्या खाली जाऊ द्यायचं नाही, आखाजीपर्यंत लाट करायची आणि सरांना दाखवायची. काम इतकं स्पष्ट होतं की मला हुरूपच आला.

आता पहिल्या मूर्खपणाबद्दल. तो माझा एकटीचा नव्हता, आमच्या सगळ्या मुलखाचा होता. आम्ही पाणी पाहतो ते पाटातलं. ते वरून खाली जातं, एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात जातं, मध्ये फावड्याने माती ओढली की वळतं. पाणी म्हटलं की ते कुठून तरी निघून कुठे तरी जाणारच, ही आमची जन्माची समजूत. मग लाट म्हणजे काय? पाण्याचं पुढे जाणं. मी पत्र्याची पाती ठोकून एक चाक केलं, पाटात ठेवून पाहिलं, गरगर फिरलं. गावातले लोक बघून गेले, माना डोलावल्या. आईने कौतुकाने गूळ-शेंगदाणे दिले. मग हौदाच्या एका टोकाला जुन्या दाराची फळी बिजागरीवर बसवली, ती पुढेमागे ढकलून लाटा काढल्या आणि चाक त्यांच्या वाटेत धरलं.

चाक फिरेना. जरा पुढे व्हायचं, जरा मागे यायचं, आणि तिथेच डुलत राहायचं. मी फळी जोरात ढकलली. ते जोरात डुललं. आबा बांधावर उभे राहून बघत होते. त्यांच्या मिशीखाली हसू होतं.

पाण्यावर एक सरकी पडली होती, थोडा कापूस चिकटलेली. लाट आली की वर जायची, जरा पुढे यायची, लाट गेली की खाली, जरा मागे, आणि पुन्हा तिथल्या तिथे. मी अर्धा तास तिच्याकडे बघत बसले. पुस्तकात हे लिहिलेलं होतं, मी ते वाचलं होतं, परीक्षेतही लिहिलं असतं. पण पाटाच्या पाण्यावर वाढलेल्या माणसाला ते खरं वाटायला सरकी लागते. लाट पुढे जात होती. पाणी जागेवरच होतं. मला एकदम हसू आलं आणि मी ओरडले, "आबा, लाट जास, पानी जागावरच ऱ्हास!"

"मंग जास ते काय?" आबांनी विचारलं.

 आजही लोक मला विचारतात, लाटांमधून नेमकं काय येतं, तेव्हा आबांचा हा प्रश्न आठवतो. मी ताकद, ऊर्जा असं काही सांगते. त्यांचा प्रश्न जास्त चांगला आहे.

चाक मोडलं आणि वरखाली होणारं यंत्र करायला घेतलं. आमच्याकडे विहिरीत पोहायला शिकवताना मुलांच्या पाठीला वाळलेला भोपळा बांधतात. तसा एक मोठा भोपळा घेतला, त्यात वाळू भरून जड केला, तोंड डांबराने बंद केलं. भावाची सायकल हौदावर उलटी टांगली आणि तिची साखळी सोडवून मागच्या चाकाच्या दात्यांवरून खाली सोडली. साखळीचं एक टोक भोपळ्याला, दुसऱ्या टोकाला दगड. भोपळा खाली गेला की साखळी ओढायची आणि चाक फिरवायची, वर आला की साखळी नुसती कटकट करत सरकायची, चाक त्याच दिशेने फिरत राहायचं. चाकाला डायनामो टेकवलेला, डायनामोला सायकलचा दिवा. कागदावर सगळं उत्तम होतं.

हौदात मात्र भोपळा नुसता चुबुकचुबुक करत होता. मी फळी ढकलायची, दम लागेपर्यंत ढकलायची, तळहात सोलले, पाणी इकडून तिकडे आपटायचं, एकमेकांवर आदळायचं, काठावरून उसळून बाहेर पडायचं. दिव्याला पत्ता नाही. आणि एके सकाळी आबा हौदाशी वाकून उभे. पाणी रेघेच्या खाली गेलं होतं. फार नाही, बोटाचं पेरभर.

"देख," ते म्हणाले, "कमी व्हयनं का नही?"

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले आणि फळीकडे हात केला. म्हणजे काढ.

माझे डोळे भरून आले, रागाने आणि लाजेने. त्या पेरभर पाण्यात किती सऱ्या भिजल्या असत्या ते मलाही कळत होतं. पण काढायची म्हणजे शेतीपंप. मी म्हणाले, "आबा, एक दिन थांबा." घरातून एक घमेलं आणलं, पाण्याने भरलं, हौदाच्याच कडेला उन्हात ठेवलं, त्यावर आणि हौदातही पाणी टेकलं होतं तिथे खिळ्याने नवी रेघ ओढली आणि दिवसभर फळीला हात लावला नाही. हौदातलं पाणीही शांत, घमेल्यातलंही शांत. संध्याकाळी दोन्हीकडे पाणी नव्या रेघेच्या खाली उतरलं होतं. मी आबांना बोलावलं. त्यांनी घमेलं पाहिलं, हौद पाहिला, वर आभाळाकडे पाहिलं. ऊन अजून डोळ्यांवर येत होतं.

"सुर्यानी पीसन टाकं," ते म्हणाले.

"थोडं त्यानी. थोडं मी सांडं," मी म्हणाले. काठाखालची जमीन ओली होती, ते लपणार कसं? "त्यानं मी काय करू शकत नही. मनं मी थांबाडसू."

आबा हसले. घमेल्यातलं पाणी उचलून हौदात ओतलं. "चाल, कर मंग," ते म्हणाले. मोजमाप म्हणजे काय, ते मला त्या घमेल्याने शिकवलं. पुढे मोठी यंत्रं वापरली, पण आधी शेजारी एक शांत घमेलं ठेवून बघायचं, ही सवय गेली नाही. आमच्या कचेरीतली तरुण मुलं त्याला माझं वेड म्हणतात.

आखाजीला सुमनअक्का आली. माझी चुलत बहीण, शिरपूरला दिलेली, आखाजीला माहेरी येणारच. ती आली की घराचा आवाज वाढायचा. कडुनिंबाला झोका बांधला होता, सगळ्या लेकीबाळी जमल्या होत्या, गाणी चालू होती, घरात सांजोऱ्यांचा वास. मी मात्र झोक्यापाशी उभी राहून हौदाचा विचार करत होते. उद्या सर येणार. भोपळा हलत नाही. अक्का झोक्यावर बसलेली आणि मी तिला धक्का देत होते, म्हणजे हात देत होता, डोकं हौदात होतं. झोका माझ्याकडे येत असतानाच मी ढकललं. तो वेडावाकडा झाला, अक्काचा पाय जमिनीला घासला.

"अवं, येवू दे ना त्याले!" अक्का ओरडली. "मधमाच काय धक्का देस? झोका थांबाडी दिधा!"

बायका हसल्या. मी पुन्हा ढकललं, या वेळी तो पूर्ण मागे येऊन वळल्यावर. हलकेच. मग पुन्हा, तो वळल्यावर. झोका वर चढत गेला, माझा हात मात्र जेमतेम टेकत होता. अक्काने मान मागे टाकली आणि तिचा पदर फांदीला लागायला आला. आणि मी थबकले. हौदातलं पाणीही झोकाच की. या टोकाहून त्या टोकाला जातं, परत येतं, त्याची यायची वेळ त्याची आहे. आणि मी मधेच धक्का देत होते.

"अक्का, उतर," मी म्हणाले.

"काब्र? आत्तेच तं बठनू!"

"उतर वं, काम शे."

भर दुपारी, आखाजीच्या दिवशी, पुरणपोळीचं जेवण सोडून मी हौदाकडे पळाले. मागून अक्का, तिच्यामागून दोन-चार पोरी. आबांचं लग्नातलं घड्याळ काठावर ठेवलं. फळी एकदाच ढकलली आणि थांबले. पाणी गेलं, त्या टोकाला चढलं, परत आलं. आता. हलकेच. गेलं, परत आलं. आता. पाचसहा धक्क्यांत हौद जागा झाला. एका टोकाला पाणी वीतभर चढायचं, तेव्हा दुसऱ्या टोकाला उतरायचं, मग उलट. आवाज नाही, उसळी नाही, काठावरून एक थेंब बाहेर नाही. भोपळा वर गेला, खाली आला आणि साखळीने चाक ओढलं. पोरींनी टाळ्या वाजवल्या. अक्का म्हणाली, "हाई तं झोकाच शे."

दिवा लागला का, ते मात्र कुणालाच कळेना. वैशाखातली दुपार, वरून आग, आणि सायकलचा तो इवलासा दिवा. मी काचेवर हात धरला, अक्काने पदर धरला. कुणी म्हणे लागला, कुणी म्हणे उन्हाची चमक आहे. सर उद्या दुपारीच येणार होते. उद्याही हेच ऊन असणार होतं.

आईने तोडगा काढला. आखाजीला आमच्याकडे पितरांच्या नावाने नवी घागर भरतात. मागच्या वर्षीची घागर परसात पडलेली होती, एका बाजूला तडा गेलेला. आई म्हणाली, दिवा तिच्यात ठेव आणि तोंडाशी डोळा लावून बघ. तड्यातून वायर आत घातली. घागर आडवी ठेवली.

सर आले तेव्हा डोक्यावर ओला रुमाल होता आणि चेहरा लाल झालेला. आईने पन्हं दिलं. त्यांनी पेला संपवला, हौदाभोवती एक फेरी मारली, भोपळ्याकडे पाहिलं, सायकलकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी फळीशी उभी राहिले. हाताला आता वेळ माहीत होती. गेलं, आलं, आता. हौद झोका घ्यायला लागला. मी मान हलवून घागरीकडे खूण केली.

भामरे सर, आमच्या कॉलेजचे भामरे सर, धुळीत गुडघे टेकून बसले आणि घागरीच्या तोंडाला डोळा लावला. खूप वेळ तसेच राहिले. घागरीतून त्यांचा आवाज आला, घुमलेला. "लागतोय. विझतोय. लागतोय." मला रडू येत होतं आणि हात थांबवता येत नव्हता, त्यामुळे मी तशीच ढकलत राहिले आणि रडत राहिले. मग अक्काने पाहिलं, आईने पाहिलं. शेवटी आबा वाकले. त्यांचं पागोटं घागरीला अडकत होतं, ते त्यांनी काढून हातात घेतलं.

"दिवा लागना वं," ते म्हणाले. मोठ्याने नाही. जणू घागरीलाच सांगत होते.

सर उठले, गुडघे झटकले आणि चष्मा काढून पुसायला लागले. 

"दिवा लागला," ते म्हणाले. "पण हा दिवा कुणी लावला? तुझ्या हाताने. समुद्रात हात कुणाचा?"

"वाऱ्याचा, सर."

"वैशाखात तो किती जोराने ढकलतो? आषाढात किती?"

"लाट दुप्पट उंच झाली की ताकद चौपट होते, सर. आषाढात लाटा मोठ्या, वैशाखात लहान. पण आपल्या किनाऱ्यावर नेमक्या किती, ते मला माहीत नाही. ते तिथे जाऊन वर्षभर मोजावं लागेल."

"नाही माहीत ना?"

"नाही, सर. पण मोजणार."

त्यांनी चष्मा लावला. "मग हे 'लाटांपासून वीज' असलं नाव खोडून टाक. 'लाटांच्या शक्तीचा अंदाज' असं लिही. जितकं कळलंय तितकंच लिहायचं. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून लिही." आणि खिशातून पेन काढलं. सही तिथेच, हौदाच्या काठावर झाली. पाणी अजून हलत होतं. सही झाल्यावर आबांनी सरांच्या हातात सांजोरी ठेवली, स्वतः हौदाशी गेले, आणि पाणी निवलं तेव्हा वाकून रेघ बघितली. आदल्या दिवसापासून उन्हाने घेतलं होतं तेवढंच खाली गेलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याच पाण्यावर कापूस लागला.

तेव्हापासून मी लाटा मोजते. साक्रीच्या पठारावर आता पवनचक्क्या फिरतात, घरांच्या छपरांवर सूर्य पकडायच्या काचा आल्या. लाटा मागे राहिल्या. यंत्रं पाण्यात गंजतात, आषाढात तुटतात, माणसं कंटाळून दुसऱ्या कामाला लागतात. गावी गेले की चुलतभाऊ थट्टेने विचारतात, "काय ताई, तुनी लाटनी वीज कधय येई?" मी म्हणते, येईल. मला राग येत नाही. समुद्रात सोडलेला पिवळा तरंगा, लाटा मोजणारा गोळा, वर जातो, खाली येतो, आणि त्याचे आकडे माझ्या टेबलावर येतात. वैशाखातले, आषाढातले, सगळे. कुणीतरी हे मोजून ठेवलंच पाहिजे, आणि ते कुणीतरी मी आहे. यात मला कधी शंका वाटली नाही.

आबा आता नाहीत. पण ते एकदा इथे आले होते, मला नोकरी लागली त्याच्या पुढच्या वैशाखात, कापूस लावून झाल्यावर. समुद्र त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. मला वाटलं होतं, ते थक्क होतील. ते धक्क्यावर उभे राहिले, डोळ्यांवर हात धरला, डावीकडून उजवीकडे पाहिलं आणि म्हणाले, "इतलं पानी! अन् कपाशीले एक थेंब बी कामना नही." त्यांना त्याचा खरंच राग आला होता.

मग त्यांनी विटेचा एक तुकडा उचलला. धक्क्याच्या पायऱ्या पाण्यात उतरत होत्या. जिथे पाणी टेकलं होतं त्या पायरीच्या भिंतीवर आबांनी वाकून लाल रेघ ओढली.  ओहोटी लागली होती ते मला माहीत होतं, पण सांगितलं नाही. आम्ही पायरीवर बसलो. घरून आणलेल्या भाकरी आणि ठेचा खाल्ला. पाणी एकेक पायरी सोडत खाली गेलं, शेवाळ उघडं पडलं, होड्या चिखलात टेकल्या. दुपारी आबांनी माझ्याकडे तिरक्या नजरेने पाहिलं, हौदाशी पाहायचे तसं.

"कितलं कमी व्हई गयं, देख," ते म्हणाले. "तू काय करं?"

"मी काहीच नही करं, आबा. बठा जराखा."

ते बसले. दुपार उतरली. मी तरंग्याकडे बोट दाखवून सांगितलं, तो कसा मोजतो, आकडे कसे येतात. ते मान हलवत होते, पण नजर रेघेवर होती. हळूहळू पाणी परत यायला लागलं. एक पायरी झाकली, मग दुसरी. होड्या उचलल्या गेल्या. सूर्य पाण्यापाशी टेकायच्या बेताला आला तेव्हा एक लाट आली आणि लाल रेघेला हात लावून गेली. पुढची लाट रेघेवर चढली. मग रेघ दिसेनाशी झाली.

आबा उठले, वाकून पाण्यात हात घातला आणि भिंतीवर ती जागा चाचपली. विटेचा रंग त्यांच्या बोटांना लागला नाही, पाण्याने धुऊन नेला होता. हौदातलं प्रत्येक पेर मोजणारे माझे आबा, पेरभर पाण्यासाठी माझा खेळ बंद करायला निघालेले माझे आबा, ओला हात तसाच धरून उभे राहिले.

"भरी दिधं त्यानी," ते म्हणाले. "बठ्ठं भरी दिधं." मग माझ्याकडे वळले. "घे बेटा आते. कितलं घेनं शे तितलं घे."